बँकेची एलसी सेवा: भिस्त कशावर ठेवावी आणि कशावर नाही

परदेशातल्या अनोळखी खरेदीदाराला उधारीवर माल देणं ज्याला परवडत नाही, त्याच्यासाठी लेटर ऑफ क्रेडिट, म्हणजे एलसी, ही बँकेची सेवा आजही भरवशाची आहे. पण ती घेणाऱ्यांपैकी पुष्कळांना वाटतं की बँक समोरच्या पार्टीची जबाबदारी घेते. तसं अजिबात नाही, आणि पैसे अडकतात ते बहुधा याच समजापायी.

व्यवहार असा चालतो: खरेदीदाराची बँक विक्रेत्याला लेखी वचन देते, की ठरलेली कागदपत्रं मुदतीत आणि अटींप्रमाणे आली की पैसे आम्ही देऊ. मग खरेदीदाराचं मन फिरो की त्याचं दिवाळं निघो, त्या बँकेला अंग काढून घेता येत नाही. बहुतेक एलसी आंतरराष्ट्रीय चेंबर ऑफ कॉमर्सच्या यूसीपी ६०० या नियमावलीखाली निघतात. ती १ जुलै २००७ पासून लागू आहे. तिच्यानुसार एकदा निघालेली एलसी विक्रेत्याच्या संमतीशिवाय रद्दही होत नाही आणि बदलताही येत नाही. विक्रेत्यासाठी ही बाजू खरोखर भक्कम आहे.

खरेदीदाराची बाजू तेवढी भक्कम नाही. बँक माल पाहत नाही, कागद पाहते. १९४१ साली न्यूयॉर्कमध्ये गाजलेल्या खटल्यात तक्रार अशी होती, की ब्रशसाठी लागणाऱ्या राठ केसांऐवजी पेट्यांमध्ये गाईचे केस आणि कचरा भरला होता, कागदपत्रं मात्र चोख होती. अशी उघड फसवणूक पैसे देण्याआधी बँकेच्या लक्षात आणून दिली तर पैसे थांबू शकतात, हे तत्त्व त्या निकालाने रुजवलं. पण वेळेत पुरावा हाती लागणं फार अवघड. म्हणून खरेदीदाराने आपण निवडलेल्या स्वतंत्र तपासणी संस्थेचा दाखला एलसीच्या कागदपत्रांतच मागावा: माल भरतानाचा, नमुने किती आणि कसे घेतले ते सांगणारा, कंटेनरच्या सीलचा क्रमांक असलेला. ‘माल उत्तम प्रतीचा असावा’ एवढंच लिहून उपयोग नाही. ज्या अटीसोबत कागद मागितलेला नाही, तिच्याकडे बँक लक्षच देत नाही.

विक्रेत्याने सर्वांत आधी शोधायची ती फसवी अट: ‘तपासणी दाखल्यावर खरेदीदाराच्या प्रतिनिधीची सही हवी.’ त्याने सही केली नाही की पैसे नाहीत, म्हणजे एलसी असून नसल्यासारखी. अशी अट काढून टाकल्याशिवाय माल हलवू नये.

त्यानंतर येतात कागदांतल्या चुका. इनव्हॉइसमधलं मालाचं वर्णन एलसीशी जुळत नाही. बिल ऑफ लेडिंगवर, म्हणजे जहाज कंपनीने माल घेतल्याच्या पावतीवर, ‘पेट्या फुटलेल्या’ असा शेरा पडतो. विमा मालाच्या सीआयएफ किमतीच्या (माल, विमा आणि जहाजभाडं मिळून होणाऱ्या) ११० टक्क्यांपेक्षा कमी निघतो. एलसीत वेगळं काही नसेल तर माल चढल्यापासून २१ दिवसांत कागद द्यावे लागतात आणि एलसीची मुदत त्याआधी संपत असेल तर त्याहूनही लवकर. तीही तारीख हुकते. कागद तपासायला बँकेला जास्तीत जास्त पाच कामकाजाचे दिवस असतात. चूक सापडली की बँक खरेदीदाराला विचारते, चालेल का? माणूस कसा आहे ते इथे कळतं. सचोटीचा खरेदीदार क्षुल्लक चूक सोडून देतो. दुसरा, बाजारभाव उतरला असेल तर, तीच चूक धरून सूट मागतो. म्हणून एलसी हातात असली तरी त्या पार्टीने याआधी इतर पुरवठादारांशी असंच काही केलंय का, याची चौकशी करावीच.

बँकही तपासावी. विक्रेत्याला एलसी कळवणारी बँक ती एलसी खरी दिसते एवढंच पाहते, पैशांची हमी देत नाही. एलसी काढणारी बँक कमकुवत असेल किंवा तिच्या देशातून परकीय चलन बाहेर पडायला अडचण असेल, तर दुसऱ्या भक्कम बँकेचं कन्फर्मेशन, म्हणजे पैसे देण्याची तिचीही हमी, घ्यावी. खर्च वाढतो, पण अशा वेळी तो वाचवायचा नसतो. खरेदीदाराने थेट ईमेलवर पाठवलेली एलसी तर धरूच नये. ती आपल्या बँकेमार्फत, स्विफ्ट या बँकांच्या आपसातल्या संदेश-जाळ्यावरूनच यायला हवी.

लहान ऑर्डरला ही सेवा महाग पडते, कारण बँकांचं किमान शुल्कच नफा खातं. वर्षानुवर्षं वेळेवर पैसे देणाऱ्या पार्टीसोबतही तिची गरज नाही. नव्या पार्टीच्या पहिल्या दोन-तीन मोठ्या ऑर्डरींना मात्र ती घ्यावी. एलसी काढण्याआधी विक्रेत्याने तिचा मसुदा मागवून आपल्या बँकेच्या ट्रेड विभागाकडून ओळन् ओळ वाचून घ्यावा आणि दुरुस्ती सुचवली असेल तर ती बँकेकडून लेखी आल्यावरच माल चढवावा. ‘करतो, पाठवतो’ या फोनवर विसंबून नव्हे.