पुण्यातल्या कर्वेनगरचं दोन खुर्च्यांचं पार्लर

गेली दोन वर्षं मी इथेच केस कापते. कटचे १५० रुपये.

मी ऑटिस्टिक आहे. वय ३६, निदान झालं ३३व्या वर्षी. त्याआधी केस कापून आले की दिवसभर पडून असायचे. ड्रायरचा आवाज, रंगाचा वास, मानेला टोचणारे बारीक केस. घरचे म्हणायचे, एवढं काय त्यात? मलाही वाटायचं, माझंच काहीतरी चुकतंय.

इथल्या ताईंना पहिल्याच दिवशी सरळ सांगून टाकलं. त्यांनी एवढंच विचारलं, "मग काय काय नको?" रेडिओ बंद केला. नायलॉनच्या एप्रनऐवजी मी नेलेली जुनी सुती ओढणी मानेभोवती गुंडाळली. "आता मागून पाणी मारते हं," असं सांगून मगच फवारा. गप्पा माराव्या लागत नाहीत. आता मंगळवारी सकाळी दहाला पहिला नंबर माझा.

ऑटिस्टिकला मराठीत म्हणतात तो 'स्वमग्न' हा शब्द मला कधीच पटला नाही. मी स्वतःत मग्न नसते, उलट बाहेरचं सगळं एकदम आत घुसतं. पण ऑटिझम नको, असंही वाटत नाही. दोन बाजूंच्या केसांतला अर्ध्या सेंटिमीटरचा फरक मला लगेच दिसतो. ताई नाक न मुरडता तो नीट करतात. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्यात ऑटिझम आहे, दाखलाही काढलाय मी. रोजच्या जगण्यात मात्र असं विचारणारं माणूस लागतं.

शॅम्पूचा वास उग्र आहे, आपला घेऊन जा. शनिवार-रविवार टाळा, फार गर्दी असते.