आपत्तीतलं आरोग्य शोधायला पबमेड: फुकट, पण एकट्याने पुरत नाही

मुंबईत सार्वजनिक आरोग्यावर प्रबंध लिहिणाऱ्यांनी सुरुवात पबमेड या वैद्यकीय संशोधन लेखांच्या शोध-संकेतस्थळापासूनच करावी. पैसे नाहीत, लॉगिन नाही. मात्र नुसतं 'ह्युमॅनिटेरियन क्रायसिस' टाकलंत तर बरंच काही निसटतं. 'ॲडव्हान्स्ड'मध्ये जाऊन मेशच्या, म्हणजे लेखांना विषयानुसार लावल्या जाणाऱ्या शब्दयादीतल्या, ठरीव संज्ञा घ्या: रेफ्युजीज, रिलीफ वर्क, आर्म्ड कॉन्फ्लिक्ट्स, डिझास्टर्स. त्या 'ऑर'ने जोडा, मग आजाराचा गट 'अँड'ने. पबमेडमधल्या सगळ्याच लेखांना या संज्ञा लागत नाहीत, म्हणून तेच शब्द शीर्षक आणि सारांशातही शोधायचेच. शब्दाला अवतरणचिन्हं किंवा शेवटी तारांकन लावलं की तुमचा शब्द मेशच्या संज्ञांशी आपोआप जुळवणं पबमेड बंद करतं. लेख अचानक कमी दिसले तर आधी हेच तपासा.

२००५ च्या पुरानंतरच्या लेप्टोवर (लेप्टोस्पायरोसिस) शोधताना 'मुंबई' आणि 'बॉम्बे' दोन्ही नावं द्या.

फक्त फुकट पूर्ण वाचता येणारे लेख दाखवणारी 'फ्री फुल टेक्स्ट'ची गाळणी सोयीची, पण आढावा लेखात ती लावणं म्हणजे निवड आधीच वाकडी करणं. पैसे मोजून मिळणारे लेख हवे असतील आणि सरकारी संस्थेत असाल, तर सशुल्क जर्नल्स वाचायला देणारी २०२५ पासूनची 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजना ग्रंथपालांना विचारा. खासगी कॉलेजवाल्यांनी लेखाची प्रत मागायला सरळ लेखकाला ईमेल करावा.

खरी उणीव वेगळीच: मदतसंस्थांचे क्षेत्रीय अहवाल पबमेडवर जवळपास नाहीत. त्यासाठी रिलीफवेब हे संयुक्त राष्ट्रांचं संकेतस्थळ.