अल्टरनेटर तोच, रेग्युलेटर नवा : एक उन्हाळा आणि एक पावसाळा वापरल्यानंतर

गाडी जुनी, पेट्रोलची. रात्री रेस दिली की हेडलाइट एकदम प्रखर व्हायचे आणि बॅटरीतलं पाणी सारखं आटायचं. इंजिन चालू ठेवून बॅटरीवर मल्टिमीटर लावला तर १५.६ व्होल्ट. अशा गाडीत १३.८ ते १४.५ च्या दरम्यान हवेत. दोन गॅरेजवाल्यांनी अख्खा अल्टरनेटर (इंजिनच्या जोरावर वीज बनवून बॅटरी चार्ज करणारा भाग) बदलायला सांगितलं. मला ते पटेना. चार्जिंग जास्त होतंय याचा अर्थ वीज तयार होतेय, फक्त रोटरला, म्हणजे अल्टरनेटरच्या फिरत्या भागाला, किती करंट द्यायचा याचा ताबा सुटलाय. तो ताबा रेग्युलेटरकडे असतो.

ओळखीच्या ऑटो इलेक्ट्रिशियनने आधी अर्थिंग आणि वायरिंग तपासलं, मग बॅटरीची निगेटिव्ह काढून अल्टरनेटर खाली घेतला आणि रेग्युलेटर बदलला. आमच्या गाडीत रेग्युलेटर आणि कार्बनचा (रोटरला करंट पोचवणाऱ्या ब्रशचा) होल्डर एकच असतो, त्यामुळे झिजलेले कार्बनही आपोआप बदलले गेले. स्लिप रिंग, म्हणजे कार्बन ज्यांवर घासतात त्या रोटरवरच्या कड्या, मात्र त्याच वेळी बघून घ्याच. त्यावर खोल चरे असतील तर नवे कार्बन लवकर झिजतात. माझ्या नुसत्या काळवंडल्या होत्या, बारीक पॉलिश पेपरने साफ झाल्या. मजुरी धरून सगळं काम नव्या अल्टरनेटरच्या पाव किमतीत झालं.

आता एरवी १४.२ दिसतात. मे महिन्यात इंजिन तापल्यावर १३.८ वर यायचे, ते योग्यच आहे. उष्णतेत बॅटरीला कमी व्होल्टेज लागतं म्हणून रेग्युलेटर स्वतःच उतरवतो. खरी परीक्षा पावसाळ्यात झाली. खंबाटकी घाटातल्या रांगेत वायपर, ब्लोअर, एसी, हेडलाइट सगळं चालू, इंजिन आयडलला, तरी लाइट मंदावले नाहीत. बॅटरीचं पाणीही जागच्या जागी आहे.

एकच गोष्ट खटकते. सकाळी स्टार्ट केल्यावर बॅटरीचा दिवा लगेच विझत नाही, थोडी रेस द्यावी लागते. आधीच्या रेग्युलेटरला असं नव्हतं.

चार्जिंग बघायला कुणी चालू इंजिनवर बॅटरीची वायर काढायला लागला तर कृपया थांबवा. व्होल्टेज उसळून नवा रेग्युलेटर, अल्टरनेटरमधले डायोड आणि ईसीयूसुद्धा (इंजिनचा कॉम्प्युटर) जाऊ शकतात. आणि अलीकडच्या ज्या गाड्यांत ईसीयूच चार्जिंग ठरवतो, तिथे व्होल्टेज मुद्दामच वरखाली होतं. त्या गाड्यांना माझे हे आकडे लावू नका, स्कॅनर लावूनच निदान करा.