पुण्याच्या कर्वेनगरातलं जुन्या कपड्यांचं दुकान: तीन फेऱ्यांनंतर

माझं माहेर यवतमाळ जिल्ह्यातलं, घरी कोरडवाहू कापूस. दहावीपर्यंत मी वेचणीला जायचे. बोंडाच्या टोकांनी बोटं कशी सोलपटतात ते ठाऊक असल्यामुळे चार वेळा घालून टाकून दिलेला सुती शर्ट दिसला की जीव हळहळतो. क्विंटलभर कापसातून रुई निघते साधारण ३३-३४ किलो, बाकीची बहुतेक सरकी, म्हणजे बी. म्हणजे पाव किलोच्या एका शर्टामागे पाऊण किलोच्या आसपास कापूस कुणीतरी वाकून वेचलेला असतो.

म्हणून या दुकानात गेले. छोटासा गाळा, चालवणारी मुलगी २२ वर्षांची. कॉलेजात असताना मैत्रिणींचे कपडे गच्चीवर धुऊन-वाळवून विकायची, गाळा गेल्या वर्षी घेतला.

पहिल्या फेरीत हातमागाचा कुर्ता घेतला, २२० रुपयांना. इथे कंपनीच्या लेबलावरचं माप धरत नाहीत. प्रत्येक कपड्याला छाती, खांदा, लांबी टेपनं मोजून लिहिलेली चिठ्ठी असते. माझ्या कुर्त्याच्या चिठ्ठीवर ‘डाव्या काखेत उसवलं होतं, पुन्हा शिवलंय’ असंही होतं. हे मला सगळ्यात आवडलं. आठ धुणी झाली, शिवण जागेवर आहे.

आईला कुर्ता दाखवला तर म्हणाली, “कोनाच्या अंगावरचं हाय, काय मालूम?” तिच्या हिशेबात जुनेर बोहारणीला द्यायचं आणि पातेलं घ्यायचं, दिलेलं पुन्हा अंगावर चढवायचं नाही. शंका रास्त आहे, म्हणून मी दुकानातल्या मुलीला थेट विचारलं. प्रत्येक कपडा गरम पाण्यात भिजवून धुतात, कडक उन्हात वाळवतात, मग इस्त्री. पावसाळ्यात वाळत नाही म्हणून त्या तीन महिन्यांत ती नवा माल जवळजवळ घेतच नाही. धंदा बसतो, पण कुबट वासाचा कपडा विकणार नाही म्हणाली.

दुसऱ्या फेरीला माझे अकरा कपडे नेले. तिनं चार ठेवले. कॉलर उलटून, काखा उजेडात धरून, चेन दोनदा वर-खाली करून बघते. “ताई, याला गोळे आलेत, हा कुणी घेणार नाही.” विकला गेला की किमतीचे ४० टक्के आपल्याला. नाकारलेल्यांपैकी सुती तेवढे तिनं गोधडीसाठी मागून घेतले. तिच्या ओळखीच्या एक मावशी शिवतात.

खटकलं ते एकच, पण मोठं. प्रत्येक कपड्यावर सरसकट ‘२,७०० लिटर पाणी वाचलं’ असा शिक्का. हा आकडा एक नवा सुती टी-शर्ट बनवायला लागणाऱ्या पाण्याचा म्हणून सांगतात. पॉलिस्टर खनिज तेलापासून बनतं, त्याचा त्रास निराळा: दर धुण्याला त्याचे बारीक तंतू पाण्यात सुटतात. शिवाय जुना घेतला म्हणून नवा घ्यायचा टळला, तरच काही वाचतं. मी तिला हे सांगितलं. तिनं वाद न घालता वहीत टिपून घेतलं, आणि तिसऱ्या फेरीला पॉलिस्टरच्या रॅकवरचे शिक्के गेले होते.

पुरुषांचे कपडे फार थोडे. कपडे बदलायला एक पडदा, आरसाही एकच. घेतलेला कपडा परत घेत नाहीत, तेव्हा घालून बघाच. सोमवारी बंद. पिशवी घरूनच न्या.