कोय कलमाचे प्रशिक्षण: लेखी चाचणी की बांधलेली कलमे?

दापोलीकडे आंब्याच्या कोय कलमाचे, म्हणजे कोयीतून नुकत्याच उगवलेल्या रोपावर चांगल्या झाडाची काडी बांधण्याचे, प्रशिक्षण दिल्यावर त्याचे मूल्यमापन दोन प्रकारे करता येते. लेखी चाचणी झटपट होते आणि मोठ्या गटाला सोयीची पडते. मात्र प्रशिक्षणाचे अभ्यासक डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये मांडलेल्या मूल्यमापनाच्या चार पातळ्यांपैकी (प्रतिसाद, शिकणे, वर्तन, परिणाम) ती फक्त दुसरी, म्हणजे शिकण्याची पातळी तपासते. याउलट प्रशिक्षणार्थ्याने स्वतः बांधलेली कलमे पाहिली, तर कोवळ्या रोपाला दिलेली खाच सरळ आहे का, पाचरीसारखी तासलेली काडी तिच्यात नीट बसली का, प्लॅस्टिकची पट्टी सैल तर नाही ना, हे तिथल्या तिथे दिसते आणि काडीला पालवी फुटली की नाही, हे काही आठवड्यांनी कळते. (बुरशीने गेलेल्या कलमाचे खापर मात्र शिकणाऱ्याच्या माथी फोडू नये.) वेळ जास्त लागला, तरी मी दुसरी पद्धतच निवडेन, चाचणी ठेवायचीच, तर काडी निवडण्याचे निकष विचारण्यापुरती.