गोलाणीतलं झेरॉक्सचं दुकान: अनियतकालिकवाल्यांसाठी कितपत कामाचं?

जळगावच्या गोलाणी मार्केटमधल्या या दुकानावर पाटी प्रोजेक्ट-बायंडिंगची आहे. पण चोपडा, अमळनेर, भुसावळकडच्या कवी, चित्रकार आणि अहिराणी रॅप करणाऱ्या पोरांची अनियतकालिकं, म्हणजे पदरच्या पैशाने जमेल तेव्हा काढलेले छोटे अंक, इथूनच निघतात. पाचशेच्या आत ऑफसेट परवडत नाही. इथे पन्नास प्रतींनाही कोणी नाक मुरडत नाही.

पैसा भिशीतून येतो. दहा जण दरमहा सारखी वर्गणी काढतात, चिठ्ठी निघेल त्याचा अंक छापायचा आणि प्रत्येकाने पाच प्रती आपल्या गावी खपवायच्या किंवा अदलाबदलीत द्यायच्या. वितरक लागत नाही. रक्कम एकदम मिळते म्हणून दुकानदारही पानामागे दर उतरवतो. भिशी मोडते ती एकाच कारणाने: ज्याचा अंक आधी निघाला तो पुढे वर्गणी थकवतो. म्हणून नव्या सभासदाचं नाव चिठ्ठीत शेवटी टाकतात. (१९५४ साली मुंबईत ‘शब्द’ हे अनियतकालिक सायक्लोस्टाइलवर, म्हणजे स्टेन्सिलवरून प्रती काढणाऱ्या यंत्रावर निघालं, यंत्र बदललं, पदरमोड तीच.)

आता छपाई. सोळा पानी ए-फाइव्ह (ए-फोरच्या निम्म्या आकाराच्या) अंकाला ए-फोरचे चार कागद, म्हणजे शंभर प्रतींना चारशे; एका रिमात (पाचशे कागद) काम होऊन कागद उरतो. पानसंख्या चारच्या पटीत हवी, नाहीतर शेवटी कोरी पानं येतात. सर्वांत बाहेरच्या कागदावर एका बाजूला १६ व १, मागे २ व १५. ही जुळणी हाताने करू नका, प्रिंटच्या खिडकीतला ‘बुकलेट’ पर्याय करतो. मात्र कागद आखूड बाजूने उलटायला सांगा. लांब बाजूने उलटला की मागची पानं उलटी छापली जातात, आणि गडबडीच्या वेळी इथे हे हमखास होतं. आधी एकच प्रत काढून, घडी घालून बघा.

फाइल पीडीएफच न्या, फॉन्ट आत बसवलेली. श्रीलिपीच्या (युनिकोड नसलेल्या) फॉन्टमध्ये टाइप केलेली वर्डची फाइल तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर उघडली की अक्षरांचा चिवडा होतो. अहिराणी मजकूर ऑपरेटरकडून टाइप करून घेऊच नका, तो नकळत प्रमाण मराठी करून टाकतो.

काळ्या-पांढऱ्या रेषाचित्रांना यंत्र उत्तम. भरीव काळ्या भागात मात्र पट्टे दिसतात आणि घडीवर टोनर (यंत्रातली काळी पूड) उडतो, त्यामुळे काळंकुट्ट मुखपृष्ठ इथे नको. ७० जीएसएमचा (कागदाच्या वजनाचं, जाडीचं माप) कागद स्वस्त खरा, पण मागचं चित्र पुढे दिसतं, ८० घ्या. मुखपृष्ठाचा जाड कागद आधी पट्टीने रेघ मारून मगच दुमडा, नाहीतर कणा फाटल्यासारखा दिसतो. मधोमध पिन मारायला लांब दांड्याचा स्टेपलर दुकानात आहे, पण तो मागावा लागतो, आपणहून काढत नाहीत.

कटिंग ही इथली लंगडी बाजू. पाती बोथट असते, कडा दातेरी येतात. बत्तीस पानांच्या पुढे आतली पानं बाहेर डोकावतात, तेव्हा तर कटिंग टाळताच येत नाही. ते दुसऱ्या बायंडरकडून करून घ्या.

अंक पीव्हीसीच्या पारदर्शक पिशवीत घालू नका. आपल्याकडच्या मे महिन्यात टोनर प्लास्टिकला चिकटून अक्षरांसकट निघतो. कागदी पाकीट बरं. रजिस्टर पोस्ट २०२५ मध्ये स्पीड पोस्टमध्ये विलीन झालंय, तेव्हा टपालाचा हिशेब नव्याने मांडा.

मार्च-एप्रिलमध्ये कॉलेजच्या प्रोजेक्टांची झुंबड असते. त्या दिवसांत काम टाकायचंच तर सकाळी दुकान उघडताच.