आप्पांना कानाचं मशीन घेतलं, आठ महिन्यांचा अनुभव (लांब आहे)

माझ्या वडिलांना, आम्ही आप्पा म्हणतो त्यांना, कानाचं मशीन घेऊन आता आठ महिने झाले. घ्यायच्या आधी मी पुष्कळ शोधलं पण मराठीत नीट लिहिलेलं काही सापडलं नाही, जे होतं ते विकणाऱ्यांचंच, म्हणून लिहितोय. ज्यांच्या घरी टीव्हीचा आवाज शेजारच्या फ्लॅटमधे ऐकू जातो त्यांनी जरूर वाचा.

आप्पा ७८ वर्षांचे. १९६६ ला संगमेश्वरकडच्या आमच्या गावातून मुंबईला आले, चुलत्याच्या ओळखीने गिरणीत बदलीवर, म्हणजे कोणी कामावर आला नाही तर त्याच्या जागी, लागले आणि मग साचेखात्यात कायम झाले. साचेखातं म्हणजे जिथे कापड विणतात ते, एका शेडमधे शेकडो साचे आणि प्रत्येक साच्यात धोटा, म्हणजे आडवं सूत नेणारा तुकडा, या टोकाकडून त्या टोकाला आपटत राहणार, आठ तास, मधे थांबणं नाही. तिथे एकमेकांशी बोलायचं तर ओरडूनही ऐकू जायचं नाही, म्हणून सगळे ओठांवरून आणि हाताच्या खुणांनी बोलायचे. कानात कापसाचा बोळा घालायचे कोणी कोणी, तेवढंच संरक्षण. जानेवारी १९८२ ला संप झाला, अडीच लाख गिरणी कामगार बाहेर पडले त्यात आप्पा पण, आणि पुन्हा साच्यावर ते कधी उभे राहिले नाहीत. नंतरची पंचवीस वर्षं वॉचमन. आता आम्ही डोंबिवलीला आहोत.

हे सगळं सांगतोय कारण आम्हाला घरच्यांना कळलंच नव्हतं की आप्पांना ऐकू येत नाही. खरंच. आम्हाला वाटायचं वय झालं, हट्टी झालेत, आपल्याच नादात असतात. मी तर दोनतीनदा चिडून बोललोय त्यांना, की एक गोष्ट तीनतीनदा का सांगायला लागते म्हणून, आणि ते गप्प बसून माझ्या तोंडाकडे बघत राहायचे. ते बघणं म्हणजे ओठ वाचणं होतं हे मला पन्नाशी उलटल्यावर कळलं.

कळलं ते कोरोनात. सगळ्यांच्या तोंडाला मास्क आले आणि आप्पांचं जगाशी बोलणंच तुटलं. बँकेत गेले तर काउंटरवरची मुलगी काय बोलतेय ते कळेना, डॉक्टर काय म्हणाले ते कळेना, लसीच्या रांगेत त्यांचं नाव पुकारलं ते ऐकूच गेलं नाही आणि दीड तास तिथेच बसून राहिले. आईला विचारलं तर ती म्हणाली मला कधी वाटलंच नाही ह्यांना ऐकू येत नाही. बरोबर आहे, कारण ती लग्न झाल्यापासून त्यांच्या समोर उभं राहूनच बोलते, आणि चाळीत दहा बाय बाराच्या खोलीत सासू, दीर, पोरं सगळे झोपलेले असताना दोघं आवाज न काढता नुसते ओठ हलवून बोलायचे. म्हणजे त्या दोघांना आवाजाची गरजच नव्हती. गरज आम्हाला होती, कारण आम्ही किचनमधून बोलतो, मोबाईलमधे डोकं घालून बोलतो, पाठ करून बोलतो.

आता मशीनकडे येतो. पहिली चूक माझी, ऑनलाईन चौदाशे रुपयाचं एक मागवलं. ते घेऊ नका. ते नुसतं आवाज मोठा करतं, सगळाच आवाज, पंख्याचा, रस्त्यावरचा, भांड्यांचा, आणि शिट्टी वाजते ती वेगळीच. आप्पांनी तीन दिवस घातलं आणि कपाटात ठेवून दिलं. एवढंच म्हणाले, "मशीनच्या आवाजाने कान गेले, आता मशीनच कानात घालू काय?" मला त्यावर काही बोलता आलं नाही.

मग स्टेशनजवळच्या एका दुकानात गेलो, नाव नाही लिहीत. तिथे काचेच्या केबिनमधे तपासणी केली, बाहेरून रिक्षांचे हॉर्न आत येत होते, दहा मिनिटात संपलं आणि लगेच दीड लाखाचं मशीन दाखवलं, कानाच्या आत जातं, कोणाला दिसत नाही असं सारखं सांगत होता. त्याची बॅटरी मुगाच्या दाण्यापेक्षा जरा मोठी. ती आप्पांच्या हातात दिली, घालून बघा म्हणाला. आप्पांचे अंगठे अजून जाड आहेत, टोकाला घट्टे पडलेले, ती बॅटरी त्यांना चिमटीत धरताच येईना, दोनदा खाली पडली, तिसऱ्यांदा मी उचलून दिली तर त्यांनी हात मागे घेतला. तिथूनच उठलो आम्ही. त्या माणसाने आप्पांशी एक वाक्य थेट बोललं नव्हतं, सगळं माझ्याशीच, जणू ते तिथे नाहीतच.

ज्यांच्याकडून शेवटी घेतलं ते सेंटर पूर्वेलाच आहे, छोटं, एक मॅडम चालवतात. ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे ऐकू येण्याची तपासणी करणाऱ्या तज्ज्ञ आहेत, भारतीय पुनर्वास परिषदेचं रजिस्ट्रेशन सर्टिफिकेट भिंतीवर लावलंय, हे तुम्ही कुठेही गेलात तरी बघा. त्यांनी पहिला प्रश्न आप्पांना विचारला, समोर बसून, सावकाश, "काका, काम काय करायचात?" आप्पा म्हणाले साचेखातं. तर त्या लगेच म्हणाल्या किती वर्षं. आम्हाला घरी आजपर्यंत हा संबंध जोडता आला नव्हता आणि त्यांनी दोन प्रश्नांत जोडला.

तपासणी साऊंडप्रूफ खोलीत, जाड दरवाजा, आप्पांच्या कानाला हेडफोन आणि हातात बटण, आवाज आला की दाबायचं. मी काचेतून बघत होतो. मॅडम कागदावर उजव्या कानासाठी लाल गोल आणि डाव्यासाठी निळी फुली मारत होत्या, आणि बऱ्याच वेळा आवाज सोडलाय पण आप्पांचा अंगठा हलतच नाही, ते खाली मान घालून वाट बघतायत. चाळीस मिनिटं लागली. शेवटी कागदावर दोन कानांच्या दोन रेघा आल्या, दोन्ही कागदाच्या डाव्या बाजूला बऱ्या आणि उजव्या बाजूला आंबा घाट उतरावा तशा खाली. जाड आवाज बऱ्यापैकी येतात, बारीक आवाज गेलेत. त्यांनी समजावलं की माणसाच्या बोलण्यात अ, आ, ओ हे जाड असतात आणि स, श, फ, ट असली अक्षरं बारीक, म्हणून आवाज येतो पण शब्द कळत नाही. भात, हात, सात सगळं त्यांना एकसारखंच ऐकू येत असणार. तेव्हा मला कळलं की आम्ही भात वाढू का विचारलं की ते कधी कधी उठून हात धुवायला का जायचे. आणि आम्ही एकमेकांकडे बघून हसायचो.

त्या म्हणाल्या थोडं वयाचं आहे, थोडं कामाचं. ८५ डेसिबलच्या वर रोज आठ तास म्हणजे कानाला धोका आणि साचेखात्यात शंभरच्या आसपास आवाज असायचा. कानाच्या आत केसासारख्या बारीक पेशी असतात, त्या एकदा गेल्या की परत येत नाहीत, औषध नाही, ऑपरेशन नाही. कायद्यात आवाजाने आलेला बहिरेपणा कामाचा आजार म्हणून धरलाय, पण हे आप्पांना त्या काळात सांगितलं कोणी नाही, आणि गिरणीच राहिली नाही तर मागणार कोणाकडे.

मशीन कानामागे बसतं ते घेतलं, दोन्ही कानांना, चार्जिंगचं. जोडी ७८ हजाराला पडली, जीएसटी कानाच्या मशीनला नसतो त्यामुळे बिलात तो लावला असेल तर विचारा. पाच हजार डिपॉझिट भरून दहा दिवस घरी ट्रायल दिली. ट्रायल न देणाऱ्याकडून घेऊच नका. पैसे कमी असतील तर वांद्र्याला अली यावर जंग म्हणून सरकारी संस्था आहे वाक् आणि श्रवणाची, तिथे तपासणी होते, आणि राज्य सरकारच्या वयोश्री योजनेत ६५ च्या वरच्यांना उत्पन्न दोन लाखाच्या आत असेल तर तीन हजार मिळतात, त्यात अख्खं मशीन येत नाही पण हातभार लागतो.

पहिले आठ दिवस कठीण जातात हे आधीच सांगून ठेवतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेपर वाचत होतो तर आप्पा आतून आले, म्हणाले काय फाडतोयस? मी नुसतं पान उलटत होतो. नळाचं पाणी, स्वतःच्या स्लिपरचा आवाज, कढईतली फोडणी, सगळं त्यांच्या अंगावर यायला लागलं. मॅडमनी सांगितलं होतं की मेंदूची सवय गेलीय, रोज थोडं थोडं वाढवा, पहिल्यांदा दोन तास, मग चार. त्या आठ दिवसांत चार वेळा तरी म्हणाले परत करून टाक. परत केलं नाही याचं कारण माझी मुलगी.

ती वीस वर्षांची, तिच्या कानात दिवसभर इअरबड. आजोबांचं मशीन रात्री डबीत ठेवून चार्ज करायचं आणि तिचे बड पण डबीतच, तर तिने दोन्ही डब्या टीव्हीशेजारी एका ट्रेमधे ठेवायला सुरुवात केली. रात्री दहाला ती आजोबांना हाक मारते, दोघं आपापलं काढून पुसून ठेवतात. तिनेच त्यांच्या फोनला ब्लूटूथने मशीन जोडून दिलं, आता गावाहून काकांचा फोन आला की आवाज थेट कानात. ॲप मात्र इंग्रजीत आहे, त्यातलं मराठी पर्यायाचं बटण आम्हाला सापडलं नाही, त्यामुळे आवाज कमी जास्त करायला आप्पांना तिच्यावर अवलंबून राहावं लागतं.

एका रात्री अशाच डब्या ठेवताना आप्पांनी तिला विचारलं, "बाय, तुझे कान वाजतात काय गं रात्री?" ती म्हणाली म्हणजे? तर त्यांनी सांगितलं की साचेखात्यात लागल्यावर वर्षादीड वर्षाने रातपाळी करून आलं की अंथरुणावर पडल्यावर कानात बारीक शिट्टी वाजत राहायची, आणि त्यांना वाटायचं सगळ्यांच्याच कानात वाजते, म्हणून कधी कोणाला सांगितलं नाही, आईला पण नाही. साठ वर्षांनी पहिल्यांदा सांगितलं ते नातीला. ती काही बोलली नाही, पण त्या शनिवारी स्वतःहून मॅडमकडे तपासायला आली आमच्याबरोबर. रिपोर्ट चांगला आला. त्यांनी तिला आवाज साठ टक्क्यांच्या वर नेऊ नको आणि तासाभराने कानाला सुट्टी दे एवढंच सांगितलं. ऐकते ती. मी सांगितलं असतं तर ऐकलं नसतं.

आता उणिवा. लग्नाच्या हॉलमधे, स्टेशनवर, गर्दीत मशीन निम्मंच काम करतं, गोंगाट आणि बोलणं वेगळं करायला त्याला जमत नाही, तिथे आप्पा अजून ओठच बघतात. शाल किंवा माकडटोपी कानावरून घेतली की शिट्टी येते. पावसाळ्यात दमटपणाने उजवं मशीन दोनदा बंद पडलं, मॅडमनी सिलिका जेलची डबी दिली त्यानंतर नाही पडलं, ती पहिल्याच दिवशी मागून घ्या. रविवारी सेंटर बंद असतं आणि नोकरीवाल्या माणसाला रविवारच असतो, हा त्रास आहे. सेटिंग आतापर्यंत चारदा करून घ्यावं लागलं, पैसे घेतले नाहीत पण दर वेळी अर्धा दिवस जातो. आणि कितीही महागातलं घेतलं तरी घरच्यांना बदलावं लागतं. हाक मारायची, त्यांनी बघितलं की मगच बोलायचं. ओरडायचं नाही, ओरडलं की ओठ वेडेवाकडे होतात आणि त्यांना काहीच वाचता येत नाही. आईला हे कोणी शिकवलं नव्हतं.

एकूण मशीनला पाचपैकी साडेतीन, मॅडमना पाच. आप्पा परत ज्येष्ठ नागरिकांच्या कट्ट्यावर जायला लागलेत, टीव्हीचा आवाज अठरावर आला, आणि ते मधे बोलायला लागलेत, म्हणजे आम्ही काही बोलत असलो तर "नाही, तसं नाही ते" म्हणून मत देतात, जे गेली कित्येक वर्षं बंद झालं होतं.

मागच्या महिन्यात त्यांच्या साचेखात्यातले एक जोडीदार आले होते लालबागहून, वय ८०, त्यांच्याकडे मशीन नाही. चहा झाला आणि दोघं गॅलरीत खुर्च्या टाकून समोरासमोर बसले. थोड्या वेळाने आप्पांनी दोन्ही कानातली मशीनं काढून डबीत ठेवली. मी आतून बघत होतो, तासभर दोघांचे ओठ आणि हात चालले होते, एक अक्षर ऐकू येत नव्हतं, आणि मधेच दोघं एकदम मोठ्याने हसले. कशावर ते मला कळलं नाही, आईला कळलं, ती दारातूनच बघून हसत होती.

जाताना त्या काकांनी डबी हातात घेऊन उलटसुलट करून बघितली आणि केवढ्याला म्हणून विचारलं. आकडा ऐकून खाली ठेवली. त्यांना येत्या मंगळवारी वांद्र्याला घेऊन जातोय, मुलीने सुट्टी काढलीय.